गुजरीतील जुन्या पैलूंची अंगठी

कोल्हापुरात दागिना घ्यायचा म्हटले की बोलणे सोन्यापासून सुरू होते आणि बहुधा सोन्यावरच संपते. साज, ठुशी, पोहेहार, बोरमाळ, मोहनमाळ हे सगळे वजनावर घेतले जाते, अडचणीला वजनावर गहाण पडते आणि शेवटी वजनावरच मोडले जाते. घडणावळ किती आणि घट किती, हे गुजरीत, म्हणजे आमच्या सराफ बाजारात, चार वेळा गेलेल्या कोणत्याही बाईला तोंडपाठ असते. मी स्वतः २२ वर्षे एका सहकारी बँकेत सोनेतारणाच्या दागिन्यांचे मूल्यांकन केले. त्या काळात माझ्यासमोर आलेल्या प्रत्येक खड्याचे वजन मी दागिन्यातून वजा करत आलो, कारण तारणकर्ज सोन्यावर मिळते, खड्यावर मिळत नाही. त्या नोकरीत हिऱ्याकडे पाहण्याची वेळ रोज येत असे आणि त्याची किंमत कागदावर रोज शून्य लिहावी लागत असे. त्या शून्याचे मला फार वाईट वाटे. म्हणून निवृत्तीनंतर रत्नपरीक्षेचा रीतसर अभ्यास केला. आता गुजरीतील एका पेढीवर विक्रीला आलेल्या एका हिऱ्याच्या अंगठीविषयी सविस्तर लिहितो आहे, कारण असा हिरा आपल्या गावात उघडपणे विक्रीला येणे ही नेहमीची गोष्ट नाही, आणि तो पाहायला जाणाऱ्याने काय पाहावे हे ठाऊक असल्याशिवाय जाऊ नये असे मला मनापासून वाटते.

ही अंगठी प्रथम पाहिली ती माझ्या दाजींनी. त्यांचा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीचा व्यवसाय आहे. लग्नाला २५ वर्षे होत असल्याने ताईसाठी काहीतरी कायमचे घ्यावे, असे त्यांच्या मनात होते. पेढीवरून परत येताच त्यांनी मला फोन केला आणि एवढेच म्हणाले, “पाव्हणं, किंमत ऐकून मी खाली बसलो. आता तुम्हीच बघून सांगा.” त्यानंतर आम्ही तिथे दोनदा गेलो, दोन्ही वेळा ताईला बरोबर घेऊन.

प्रथम वस्तूची नोंद करतो. हिरा २.०४ कॅरटचा आहे, म्हणजे ०.४०८ ग्रॅम, एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, आणि सोन्याच्या शुद्धतेच्या कॅरटशी त्याचा काही संबंध नाही. आकार गोल कोपऱ्यांच्या उशीसारखा असून मापे ७.५२, ७.१४ आणि ४.७८ मिलिमीटर आहेत. जीआयए या अमेरिकन रत्नपरीक्षण संस्थेच्या अहवालानुसार रंग डी, म्हणजे पूर्ण रंगहीन, शुद्धता व्हीव्हीएस-२, म्हणजे भिंगातूनही खूण जेमतेम सापडावी अशी, फ्लुओरेसन्स, म्हणजे अतिनील प्रकाशात उजळणे, काहीही नाही आणि घडण ‘ओल्ड माइन’, म्हणजे जुन्या हातघडणीच्या, प्रकारची आहे. हिरा टाइप टू-ए असल्याचे पत्र अहवालासोबत वेगळे आहे; हा प्रकार कोणता ते पुढे सांगतो. अंगठी १८ कॅरट सोन्याची आहे. कडे पिवळे, हिऱ्याभोवतीची जागा पांढऱ्या सोन्याची, चार कोपऱ्यांना चार प्राँग, म्हणजे खडा धरून ठेवणारे सोन्याचे दात. आतल्या बाजूस बीआयएसचे चिन्ह, शुद्धतेचा ७५० हा आकडा आणि सहा अक्षरांकांचा एचयूआयडी क्रमांक स्पष्ट उमटलेला आहे. पेढीने सांगितलेली किंमत २६ लाख रुपये, त्यावर ३ टक्के जीएसटीचे ७८ हजार, असे मिळून २६ लाख ७८ हजार होतात.

हिरा जुना आहे, अंगठी नवी आहे. एका घराण्याकडून तो पेढीकडे आला तेव्हा बंद कोंदणात बसवलेला होता आणि ते कोंदण झिजून कड सुटलेली होती. जीआयए मोकळ्या हिऱ्यावरच अहवाल देते, दागिन्यात बसवलेल्यावर देत नाही. म्हणून हिरा काढून मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवण्यात आला आणि परत आल्यावर त्याला हे नवे सोने मिळाले. हॉलमार्क या सोन्यापुरताच बोलतो. आपल्याकडे अनेक ग्राहक हॉलमार्क पाहून पूर्ण निर्धास्त होतात, पण त्या शिक्क्याने हिऱ्याबद्दल एका अक्षराचीही हमी मिळत नाही. या अंगठीत सोन्याचा भाग जेमतेम ४ ग्रॅमच्या आसपास आहे. उद्या ही कोणी बँकेत तारण ठेवायला नेली, तर कर्ज त्या ४ ग्रॅमवर मिळेल. २६ लाखांपैकी जवळजवळ सगळे पैसे अर्ध्या ग्रॅमहून हलक्या एका खड्यात आहेत, हे समजून घेऊनच पुढे जावे.

या खड्याचे मोल कशात आहे, ते आता थोडे खोलात जाऊन सांगतो.

निसर्गातील बहुतेक हिऱ्यांमध्ये कार्बनच्या जाळीत थोडाफार नायट्रोजन अडकलेला असतो. तो निळ्या-जांभळ्या बाजूचा थोडा प्रकाश शोषून घेतो, आणि म्हणून हिऱ्यात पिवळसर झाक येते. ज्यांत हा नायट्रोजन उपकरणांनाही मोजता येत नाही इतका कमी असतो, त्यांना टाइप टू-ए म्हणतात. रत्न म्हणून वापरल्या जाणाऱ्या नैसर्गिक हिऱ्यांत त्यांचे प्रमाण शंभरात एक-दोनच असते. कोहिनूर या प्रकारचा आहे, आणि १९०५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सापडलेला ३,१०६ कॅरटांचा कलिनन हाही याच प्रकारचा. आपले जुने जाणकार ज्याला ‘पाणी’ म्हणत, ते या हिऱ्यात डोळ्यांना थेट दिसते. सरावाच्या डोळ्याला साध्या डी रंगाच्या खड्यात आणि यात फरक जाणवतो. हा काचेसारखा पांढरा वाटत नाही, तर ओंजळीतल्या पाण्याच्या तळाशी नजर जावी तशी नजर त्याच्या आत जाते.

पहिल्या भेटीच्या दिवशी श्रावणातला पाऊस लागून राहिला होता आणि आभाळ एकसारखे भरलेले होते. मला तेच हवे होते. पेढीच्या खालच्या दालनात गल्ल्यावर एलईडीचे झोत आहेत आणि त्यांच्याखाली कोणताही खडा लखलखतो, मग तो झिरकॉन असो की हिरा. म्हणून मी शेठना विनंती केली की वर उत्तरेकडची खिडकी आहे तिथे बसू या. त्यांनी जराही आढेवेढे घेतले नाहीत. ढगाळ आकाशाचा उत्तरेकडून येणारा उजेड हिऱ्याचा रंग पाहायला जगभर मानला जातो, कारण त्यात ऊन नसते आणि झगमगाटही नसतो. पांढऱ्या जाड कागदाची घडी घालून तिच्या खाचेत खडा पालथा ठेवतात आणि बाजूने, खड्याच्या कडेच्या पातळीवर पाहतात, कारण समोरून पाहिल्यास पैलूंची चमक रंग झाकून टाकते. शेठनी शेजारी एक कॅरटचा एफ रंगाचा हिरा आणून ठेवला. एफ हाही रंगहीन श्रेणीतलाच. तरीही दोन्ही पालथे, जवळजवळ ठेवल्यावर एफमध्ये दुधात साय धरू लागावी इतकीच, पण निश्चित, पिवळसर झाक दिसली; आमच्या हिऱ्यात काहीच दिसले नाही. ताईने भिंगाशिवाय हा फरक ओळखला, आणि त्या क्षणापासून ती या व्यवहारात खऱ्या अर्थाने सामील झाली.

त्यानंतर दहा पटीचे भिंग घेतले. शुद्धतेची श्रेणी दहा पट मोठे करून पाहिल्यावरच ठरते, त्यामुळे त्याहून मोठे भिंग घेऊन दोष शोधत बसणे हा हिऱ्यावर अन्याय आहे. व्हीव्हीएस-२ खड्यातील खूण जाणकारालाही सहज सापडत नाही. मला ती पाचेक मिनिटांनी सापडली: कडेजवळ, एका कोपऱ्याच्या खाली, सुईच्या टोकाएवढा एक ठिपका. अहवालातील आकृतीत तो जिथे दाखवला आहे तिथेच तो होता. ग्राहकाने ही एक गोष्ट जरूर करावी. अहवाल आणि हिरा एकमेकांचे आहेत की नाहीत, हे ठिपक्याच्या जागेवरून जितके कळते तितके विक्रेत्याच्या बोलण्यावरून कळत नाही. कडेवर लेझरने कोरलेला अहवालाचा क्रमांकही भिंगातून वाचता आला, आणि तोच क्रमांक शेठनी आमच्यासमोर जीआयएच्या संकेतस्थळावर टाकून दाखवला.

घडणीबद्दल मात्र अहवालात श्रेणी नाही, कारण जीआयए घडणीची श्रेणी फक्त आधुनिक गोल हिऱ्यांना देते. दाजींना ही उणीव वाटली. मला ती तशी वाटत नाही. १९१९ मध्ये मार्सेल तोल्कोव्स्की या बेल्जियन अभियंत्याने गोल हिऱ्याची मापे गणिताने मांडली आणि त्यानंतर जगभर पैलू पाडण्याचे काम त्याच दिशेने गेले. त्याआधीचे कारागीर कच्च्या हिऱ्याचा मूळ आकार जपत, वजन शक्य तितके राखत, हाताने आणि नजरेने पैलू पाडत. म्हणून या हिऱ्याचा माथा उंच आहे, वरचा सपाट भाग लहान आहे, आणि खालचे टोक अणकुचीदार नसून तिथे एक छोटा सपाट पैलू ठेवलेला आहे. वरून पाहिले की तो खडीसाखरेच्या कणात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यासारखा गोल दिसतो. ज्याला हे ठाऊक नाही त्याला तो दोष वाटेल आणि तो भाव पाडून मागेल, किंवा आणखी वाईट म्हणजे हिरा नव्याने पैलू पाडायला देईल.

तसे कोणी करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्र्यंबकेश्वरच्या देवाचा म्हणून ओळखला जाणारा नाशिकचा हिरा १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती पडला तेव्हा सुमारे ९० कॅरटांचा होता; विलायतेत आणि नंतर १९४० मध्ये अमेरिकेत पुन्हा पैलू पाडता पाडता तो ४३.३८ कॅरटांवर आला. कोहिनूरही १८५२ मध्ये लंडनमध्ये सुमारे १८६ कॅरटांवरून १०५.६ कॅरटांवर आणला गेला. चमक वाढली असेल, पण जे गेले ते कोणत्याही किमतीत परत येत नाही. आमचा हिरा त्या मानाने एवढासा आहे. तरी त्यातून आधुनिक गोल खडा काढायचा म्हटला तर दोन कॅरटांची मर्यादा लगेच सुटेल, आणि हाताने घडलेली ती चण कायमची नाहीशी होईल.

ती चण नेमकी कशासाठी आहे, ते आम्हाला योगायोगाने दिसले. संध्याकाळ होत आली होती, अंबाबाईच्या देवळाकडून घंटेचा आवाज येत होता आणि पेढीच्या देव्हाऱ्यात समई लागली होती. मी शेठना विचारले की वरचे दिवे दोन मिनिटे बंद करता येतील का. त्यांनी ते केले, आणि ताईने अंगठी बोटात घालून हात समईसमोर धरला. आधुनिक हिरा मंद उजेडात बारीक बारीक लुकलुकतो. या हिऱ्याने तसे काही केले नाही. त्याचे पैलू रुंद, त्यामुळे त्याच्या आतून एकेक मोठी ज्योत उठल्यासारखी वाटली, आधी तांबडी, हात किंचित वळवताच हिरवी, मग एकदम पांढरी, आणि मध्ये मध्ये तो संपूर्ण काळोखा होई. हे हिरे विजेच्या दिव्याआधीच्या काळात, मेणबत्तीच्या आणि समईच्या उजेडासाठी घडवले गेले. दाजी घाईचे गृहस्थ आहेत, पण तेही ती दोन मिनिटे काही बोलले नाहीत.

आता ज्या गोष्टींवर आमचे आणि पेढीचे एकमत झाले नाही, त्या सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे अंगठीला लावलेली चिठ्ठी. तिच्यावर ‘अस्सल गोवळकोंडा हिरा’ असे लिहिले होते. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये खाणी सापडेपर्यंत जगाला हिरे पुरवण्याचे काम मुख्यतः आपल्या देशाने केले, आणि कृष्णेच्या काठच्या कोल्लूरसारख्या खाणींचे हिरे गोवळकोंड्याच्या बाजारातून जात म्हणून ते नाव अजरामर झाले. टाइप टू-ए हिऱ्यांना व्यापारात कौतुकाने गोवळकोंडा म्हणण्याची प्रथाही आहे. परंतु त्या प्रकारचा हिरा दक्षिण आफ्रिकेत किंवा ब्राझीलमध्येही निघतो, आणि या खड्यासोबत खाणीचा कोणताही पुरावा नाही. मी हे शेठना स्पष्ट सांगितले. त्यांनी प्रथम “घराण्यात तसेच म्हणत आले आहेत” असे उत्तर दिले, पण बिलावर काय लिहाल असे विचारताच थोडा विचार करून ‘नैसर्गिक, टाइप टू-ए’ एवढेच लिहिण्याचे मान्य केले. दुसऱ्या भेटीच्या वेळी ती चिठ्ठी काढलेली होती. चूक दाखवल्यावर ती सुधारणारी पेढी मला बिनचूक पेढीपेक्षा अधिक विश्वासाची वाटते. तरीही अशी चिठ्ठी मुळात लागायला नको होती.

दुसरी गोष्ट तपासणीच्या पद्धतीची. आम्ही बसताच एका नोकराने खड्यावर फुंकर मारून वाफ लगेच उडते हे दाखवले, आणि मग हातातील टेस्टर लावून ‘पीं’ असा आवाज ऐकवला. या दोन्ही चाचण्या उष्णता वाहून नेण्यावर अवलंबून आहेत. त्यांनी झिरकॉन वेगळा पडतो, पण साध्या टेस्टरवर मोइसॅनाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा कृत्रिम खडा पास होऊन जातो, आणि प्रयोगशाळेत बनवलेला हिरा तर पास होणारच, कारण तोही खरा हिराच आहे. इथे टाइप टू-एची दुसरी बाजू लक्षात घ्यावी लागते. सीव्हीडी पद्धतीने, म्हणजे प्रयोगशाळेत वायूपासून थरावर थर चढवून, बनवलेले बहुतेक रंगहीन हिरे टाइप टू-ए असतात. शिवाय तपकिरी झाक असलेले नैसर्गिक टू-ए हिरे प्रचंड दाब आणि उष्णता देऊन रंगहीन करता येतात. हे तंत्र १९९९ पासून बाजारात आहे. म्हणजे ‘टू-ए’ हा शब्द ऐकून हुरळून जाण्याऐवजी ग्राहकाने अधिक सावध झाले पाहिजे. जुनी घडण हाही पुरावा नाही, कारण जुन्या धाटणीचे पैलू आजही हौसेने पाडले जातात. हिरा नैसर्गिक आहे आणि त्यावर कोणतीही प्रक्रिया झालेली नाही, हे फक्त सुसज्ज प्रयोगशाळा सांगू शकते. या अंगठीच्या अहवालात ते आहे, म्हणून मी तिच्या बाजूने लिहितो आहे.

प्रयोगशाळेतल्या हिऱ्याबद्दल माझ्या मनात आकस नाही. तितक्याच वजनाचा, तितकाच पांढरा तसा हिरा या अंगठीच्या दशांश किमतीतही सहज मिळतो, आणि ज्याला हातावर चमक हवी आहे त्याने तो आनंदाने घ्यावा. इथे मात्र पैसे चमकेचे नाहीत, दुर्मिळपणाचे आहेत.

कागदाबद्दल मी इतका आग्रही का, त्याला घरचे कारण आहे. माझ्या पत्नीसाठी मी १९९८ मध्ये दुसऱ्या एका शहरातील दुकानातून हिऱ्याच्या कुड्या घेतल्या. सोबत दुकानाचेच छापील प्रमाणपत्र होते, त्यावर सोनेरी शिक्का होता, आणि सोने ओळखणारा मी हिऱ्याच्या बाबतीत त्या शिक्क्यावर विसंबलो. मुलाच्या शिक्षणाच्या वेळी त्या मोडायला नेल्या तेव्हा दुकानदाराने सोन्याचे वजन करून भाव सांगितला आणि हिरे चिमट्याने बाजूला सारत म्हटले की याला मोड नाही. पुढे स्वतंत्र तपासणीत रंग प्रमाणपत्रापेक्षा चार पायऱ्या खाली निघाला. पत्नी तेव्हा एक शब्दही बोलली नाही, आणि त्या न बोलण्याची आठवण मला आजही आहे. त्या कुड्या आम्ही मोडल्या नाहीत. ती सणाला घालते.

म्हणून मोडीचा प्रश्न मी शेठना सगळ्यात आधी विचारला. त्यांनी सांगितलेल्या अटी अशा: हिरा आणि अहवाल दोन्ही सुस्थितीत असतील, तर पेढीवरच दुसरा दागिना घेताना जीएसटी वगळून मूळ किमतीच्या ८५ टक्के, आणि रोख परतावा हवा असल्यास ७० टक्के. हे बिलाच्या मागे सही-शिक्क्यासह लिहून मिळेल. सोन्याच्या तुलनेत ही घट फार मोठी आहे, आणि कोल्हापूरच्या माणसाला ती पचणे कठीण आहे. दाजींनी तर तिथेच हिशेब मांडला की करासकट २६ लाख ७८ हजार भरून दुसऱ्या दिवशी परत आलो तर १८ लाख २० हजार हातात पडतील. हिशेब बरोबर आहे. हिरा ही गुंतवणूक म्हणून घेण्याची वस्तू नव्हे, असे मी त्यांना सांगितले, आणि शेठनीही त्याला मान हलवली. ‘भाव वाढतच जाणार’ असे शेठनी एकदाही म्हटले नाही, याची मी आदराने नोंद करतो.

किंमत वाजवी आहे का? व्यापारी १९७८ पासून निघणाऱ्या रॅपापोर्टच्या, म्हणजे हिऱ्यांच्या भावांच्या, यादीवरून बोलतात, पण ती यादी आजच्या घडणीचे हिरे समोर ठेवून केलेली असते. जुन्या पैलूंचा भाव तिच्यातून थेट काढता येत नाही. इथे प्रति कॅरट सुमारे पावणेतेरा लाख पडतात. तेवढ्याच वजनाच्या, डी रंगाच्या आणि त्याच शुद्धतेच्या आजच्या उशीच्या आकाराच्या खड्यापेक्षा हा आकडा चढा आहे. जुनी घडण आणि टू-ए प्रकार यांसाठी जादा पैसे देणे मला मान्य आहे, पण सोन्याचे काम पाहता लाख-दीड लाख कमी व्हायला हवेत असे माझे मत आहे, आणि ते मी पेढीवर सांगितले आहे.

कारण अंगठीची खरी कमजोरी तिच्या सोन्यात आहे. पांढरे सोने हिऱ्याभोवती ठेवण्याचा निर्णय योग्य. पिवळ्या सोन्याची छाया पडून डी रंग वाया गेला असता. परंतु पांढऱ्या सोन्यावरचा रोडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा काही वर्षांत उतरतो आणि पुन्हा चढवावा लागतो, हे ग्राहकाला न विचारता सांगायला हवे होते. त्याहून गंभीर बाब प्राँगची. पहिल्या दिवशी अंगठी काढताना ताईच्या इरकलीच्या पदराचा एक धागा करंगळीकडच्या प्राँगमध्ये अडकला. भिंगातून पाहिले तर ते प्राँग हिऱ्यावर नीट टेकलेले नव्हते, मध्ये केसाएवढी फट होती. हिरा सर्वांत कठीण असला तरी अभंग नाही. ठरावीक दिशांना तो फळीसारखा चिरतो, आणि कडेवर बसलेला एक फटका पुरेसा असतो. चार प्राँगपैकी एक सैल म्हणजे कोपरा उघडा. शिवाय खडा खोल असल्याने अंगठी बोटावर फार उंच उभी राहते, आणि घरात कणीक मळण्यापासून पूजेची भांडी घासण्यापर्यंत सगळे हाताने करणाऱ्या बाईला ती जपणे अवघड आहे.

दुसऱ्या भेटीत शेठनी आमच्यासमोर कारागिराला बोलावून हिरा काढवला. मोकळा हिरा काट्यावर ठेवला तेव्हा २.०४ हाच आकडा आला. सोन्यातून सुटून पांढऱ्या कागदाच्या पुडीत पडलेला तो खडा पाहिल्यावर ताई म्हणाली की हा अंगठीपेक्षा असाच जास्त शोभतो, आणि मला तिचे म्हणणे पटले. प्राँग हिरा न काढता जागेवरच डाग देऊन, म्हणजे आचेवर सांधून, दुरुस्त करण्याची तयारी कारागिराने दाखवली होती. मी त्याला नको म्हटले. डाग देताना ज्वाला हिऱ्यापर्यंत पोहोचली तर हवेत सातशे-आठशे अंशांच्या पुढे हिऱ्याचा पृष्ठभाग जळून धुरकट होऊ शकतो. तो शेवटी कार्बनच आहे. दुरुस्ती करायची ती हिरा बाहेर ठेवूनच.

पेढीच्या वागणुकीबद्दल एवढेच सांगतो की दोन भेटींत मिळून आम्ही पाच तास बसलो, आणि घाई कोणी केली नाही. व्यवहार पूर्ण बँकेतून आणि पॅन क्रमांकासह होईल, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेणे कायद्याने चालत नाही, हे आठवण करून द्यावे लागले नाही. अंगठी पेढीत नसते, लॉकरमध्ये असते, त्यामुळे आदल्या दिवशी कळवून जावे आणि शक्यतो दुपारच्या आत जावे, कारण वरच्या खिडकीचा उजेड नंतर कमी होतो.

दाजींचा निर्णय अजून व्हायचा आहे. ताईने मात्र आपली अट सांगितली आहे: हिरा हाच, पण कोंदण बुटके, चारऐवजी आठ प्राँगचे, आणि कडेला सोन्याची बारीक पट्टी असलेले. शेठनी तिच्या बोटाचे माप घेतले, ते १४ आले. नव्या कोंदणाचा मेणाचा नमुना येत्या मंगळवारी दाखवायचे ठरले आहे, आणि तोवर हिरा पुडीतच राहणार आहे.